सासूबाईंचं ओढशास्त्र

जावयाला पाटावर बसवून, समोर वडा ठेवून, तो दुसऱ्या वड्याकडे नेमका कधी हात नेतो याचा शास्त्रीय अभ्यास करणारी सासू अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच असावी, आणि ती माझ्या वाट्याला आली. इतरांच्या सासवा आग्रह करकरून जावयाचा जीव नकोसा करतात. माझ्या सासूबाई एक वडा वाढतात आणि हाताची घडी घालून समोर बसतात. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला, सिहोऱ्याला गेलो तेव्हा मला वाटलं, घरातले वडे संपले असतील, बिचाऱ्यांना सांगायची लाज वाटत असेल. म्हणून मी मोठ्या मनानं "पोट भरलं" असं म्हणून पाण्याचा गडू उचलला, तोच त्यांनी पाठीमागून वड्यांची परडी काढून माझ्या नाकासमोर धरली आणि माझ्या चेहऱ्याकडे वाकून पाहत म्हणाल्या, "पाहिलं? पहिला वडा खाताना तुमचे डोळे बंद झाले होते. आता परडी दिसली त डोळे मोठे झाले. खाण्याची मजा वेगळी असते जवाईबापू, अन् खाण्याची ओढ वेगळी. दोघी डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहतात." मी त्या क्षणी फक्त वड्यांच्या बाजूचा होतो. लाखोरीच्या डाळीचे, कडेनं कुरकुरीत झालेले ते वडे पुढे मी किती खाल्ले ते त्यांनी नक्की पाहिलं असणार, पण उदार मनानं कधी बोलून दाखवलं नाही.

सासूबाई आयुष्यभर गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत होत्या. निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, देवदर्शनाच्या सहली काढतात, सुनेच्या चुका शोधतात. सासूबाईंना सून नाही. मुलगी एकच, ती मला देऊन टाकलेली. त्यामुळे त्यांनी मेंदू धरला. कानात इअरफोन खुपसायचे, मांडीवर तांदळाचं सूप घ्यायचं आणि खडे निवडता निवडता कुठल्या कुठल्या देशांतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं ऐकायची, हा त्यांचा दुपारचा कार्यक्रम. मध्येच सूप थांबतं, मान डोलते, "बरोबर आहे बापा तुझं," असं त्या सातासमुद्रापलीकडच्या विद्वानाला सांगून होतं आणि सूप पुन्हा सुरू. त्यांची भाषाही दोन मजली आहे. शास्त्र सांगताना वरच्या मजल्यावरची पाठ्यपुस्तकातली मराठी आणि राग किंवा आनंद झाला की तळमजल्यावरची झाडीबोली. वाक्य सुरू होतं "मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी" असं भारदस्त, आणि संपतं "तवा कुत्रं बी धावते, समजलं का?" असं.

त्यांचा सिद्धांत मला तोंडपाठ आहे, कारण तो मी प्रत्येक जेवणात चटणीसारखा खाल्ला आहे. पोट रिकामं झालं की जनावर खातं, हे त्यांच्या मते अर्धंच खरं. पोट नुसता अर्ज करतं, सही डोक्याची लागते. डोक्यात डोपामीन नावाचं एक रसायन असतं. लोक समजतात ते सुखाचं रसायन. पण सुख देणं हे त्याचं मुख्य काम नाही. जनावराला उठवणं, चालवणं, 'तिकडे काहीतरी आहे, चल' म्हणून ढकलणं, हे त्याचं काम. ज्या उंदरांच्या मेंदूतून ते रसायन नाहीसं होतं, ते समोर अन्न असूनही उपाशी मरतात. मात्र त्यांच्या तोंडात गोड थेंब टाकला की मिटक्या मारतात. "म्हणजे गोडी कळते," सासूबाई बोट वर करून म्हणतात, "पण गोडीकडे जावं असं वाटत नाही. याच्यापेक्षा वाईट दशा कोणती आहे, सांगा बरं!" मला ही दशा माहीत नव्हती. माझी नेमकी उलटी होती, आणि तिचाही अभ्यास त्यांनी केलाच. एकदा गळ्यापर्यंत जेवून मी "आता श्वास घ्यायलाही जागा नाही" असं जाहीर केलं, तेव्हा त्यांनी ताटलीत जिलेबी आणून माझ्या बाजूला नुसती ठेवली. मी बायकोशी बोलत होतो. बोलता बोलता हात गेला. सासूबाईंनी मनगट धरलं आणि घरभर ऐकू जाईल असं विचारलं, "पोट नाही म्हणाले होते ना? मंग हाताले कोणी सांगितलं?"

सासरे, म्हणजे आमचे मामाजी, हे अत्यंत शांत गृहस्थ. धानाची शेती, दुपारची झोप आणि संध्याकाळी बातम्या, या तिन्हींत ते कोणाला त्रास देत नाहीत. पण त्यांचंही शास्त्रीय मूल्य सासूबाईंनी ओळखलेलं. बातम्या पाहताना ते चिवड्याचा डबा मांडीवर घेतात. एकदा सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि विचारलं, "चिवडा आवडून राहिला का?"

मामाजींनी प्रामाणिकपणे चघळून पाहिलं. "नाही. सादळला आहे."

"मंग काहून खाऊन राहिले?"

"मी कुठं खातो? हात जाऊन राहिला."

या उत्तरानं सासूबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला साकोलीला फोन करून ते शब्दशः ऐकवलं. आवड नाही, तरी ओढ आहे! असा शुद्ध नमुना प्रयोगशाळेतही मिळत नाही, आणि इथे तर तो घरचा, फुकटचा आणि बनियनमध्ये बसलेला.

सगळ्यात जास्त शास्त्रीय कमाई मात्र कोंबड्यांनी करून दिली. सासूबाई पत्र्याच्या डब्यात कणी ठेवतात आणि डबा खुळखुळवतात. पण खुळखुळला म्हणजे दाणे पडतीलच असं नाही. कधी मूठभर पडतात, कधी दोनच, कधी काहीच नाही. "रोज मिळालं त आरामात येतात. कधीच नाही मिळालं त येणं सोडून देतात. पण मिळते का नाही मिळत, हे कळत नाही ना, तवा जीव टाकून धावतात," असं त्यांचं म्हणणं. परिणाम असा की डबा हातात नसला तरी कोंबड्या त्यांचा माग सोडत नाहीत. त्या दुकानात निघाल्या की मागे कोंबड्या, ग्रामपंचायतीत गेल्या की दाराशी कोंबड्या. एकदा त्या लग्नाच्या मांडवात शिरल्या आणि नवरीच्या आईनं त्यांचं स्वागत करायच्या आधी कोंबड्या हाकलल्या. गावात लांबून कोंबड्यांची रांग दिसली की लोक बिडी विझवून सरळ उभे राहतात. "बाई येऊन राहिल्या," म्हणतात. निम्मं गाव त्यांच्याच हाताखाली शिकलेलं आहे.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं, तोवर चांदीनं खाणं सोडलं.

चांदी ही सासूबाईंची म्हैस. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, म्हणून चांदी. घरामागे गुरांचा कोठा आहे, त्यात चांदी आणि कपिला नावाची एक म्हातारी गाय अशा दोघी शेजारी शेजारी बांधलेल्या असत. चांदी लहानशी वगार म्हणून त्या घरात आली तेव्हापासून कपिला तिथे होती. यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी कपिला म्हातारपणानं गेली. मामाजींनी तिला शेताच्या बांधाजवळ पुरलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि त्यानंतर कोठ्याकडे फिरकले नाहीत. चांदी दोन-चार दिवस दाराकडे तोंड करून उभी राहिली. मग बसली. समोर हिरवा चारा टाकला, सरकीची ढेप भिजवून ठेवली, कोंडा दिला. ती नुसती बघायची. बघायची म्हणजे डोळे तिकडे असायचे, एवढंच.

तुमसरहून जनावरांचे डॉक्टर आले. भला माणूस. ताप पाहिला, पोटाला कान लावला, तोंड उघडून जीभ तपासली. "मॅडम, रोग काही सापडत नाही. शक्तीचं औषध देतो. पण ही अशीच राहिली तर अवघड आहे," म्हणाले. शेजारणींनी मिरच्या ओवाळून जाळल्या, त्यात सासूबाईंनाच ठसका लागला. शेवटी त्यांनी स्वतः परीक्षा घ्यायचं ठरवलं. मुठीत हिरवं गवत घेतलं, त्यात गुळाचा खडा दडवला आणि तो घास चांदीच्या तोंडात कोंबला. चांदीनं तो चावला, गिळला, आणि मग ती लांब करडी जीभ काढून नाकपुडीवरून फिरवली.

तो फोन मला अजून आठवतो. "जवाईबापू, मजा शाबूत आहे," सासूबाई म्हणाल्या, पण आवाजात नेहमीचा विजय नव्हता. "घास तोंडात गेला त आवडते तिले. पण घासाकडे जाणं होत नाही. ओढ मेली जी तिची." इतकी वर्षं जी दशा त्या मला वड्यांवरून समजावत होत्या, ती आता त्यांच्या कोठ्यात बसली होती.

म्हशीला हातानं भरवून जगवता येत नाही. सासूबाईंनी तेही केलं, खांदा दुखेपर्यंत केलं. चांदीच्या बरगड्या मात्र दिसायला लागल्याच. मामाजी एक दिवस ओसरीतूनच म्हणाले, "म्हशीचं पोट काय वाटीचमच्यानं भरते? डोळ्यांपुढे मरण्यापेक्षा विकलेली बरी. मी बपेऱ्याच्या व्यापाऱ्याले निरोप धाडला."

"खाणं सोडलं की विकायचं?" सासूबाई तळमजल्यावर उतरल्या. "मंग उद्या मी जेवली नाही त मले कोणत्या बाजारात नेसान?"

 मामाजींनी निरोप मात्र परत घेतला नाही.

व्यापारी यायचा होता त्याच दिवशी आम्हीही पोचणार होतो, कारण धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात जावयाला विष्णूचं रूप मानून जेवू घालतात, अनारशांचं वाण देतात. साकोलीहून बसगाड्या बदलत, नवा कुर्ता चुरगळत आम्ही पोचलो तेव्हा सगळं गाव धानाच्या रोवणीला गेलेलं. सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, कुंकू लावलं, ओवाळलं आणि म्हणाल्या, "पान वाढलं आहे. चला." मी सवयीनं माजघराकडे वळलो. त्यांनी माझा दंड धरला आणि मागच्या दारानं बाहेर काढलं.

कोठा शेणानं सारवला होता. कपिलेच्या जागेवर पाट मांडला होता, पाटाभोवती रांगोळी होती, समई होती, पळसाच्या पत्रावळीवर पुरण, वडे, पातोडीची भाजी, वरणभात, अनारसे सगळं रीतसर वाढलेलं होतं. आणि त्या सोहळ्याच्या बाजूला, हातभर अंतरावर, चांदी डोळे अर्धवट मिटून बसली होती.

"बसा," सासूबाई म्हणाल्या. "चांदी कधीच स्वतःहून खायला सुरुवात करत नव्हती. आधी कपिलेचं तोंड चालू होई, तो आवाज आला की मंग ही उठे. लहानपणापासून तिच्या डोक्यात ते पक्कं बसलं आहे. बाजूचं तोंड हललं म्हणजे खायची वेळ. आता बाजूला कोणी नाही, तर तिले कोण सांगणार? म्हणून म्हटलं, तुम्ही जेवा."

"मी?"

"तुमच्यासारखं मन लावून खाणारं दुसरं कोणी आपल्या घरात नाही," त्या म्हणाल्या, आणि ही स्तुतीच होती. "चावताना आवाज करा. लाजू नका."

माझी बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं तोंडात पदर कोंबला होता. मी विष्णू असल्यामुळे मला नाही म्हणता येईना. बसलो. वडा उचलला आणि जमेल तेवढा आवाज करत चावला. चांदीचा एक कान हलला. दुसरा वडा. कान पुन्हा हलला, पण तो माशी बसली म्हणून. मी भाताचा भुरका मारला, वरण ओरपलं, पातोडी मिटक्या मारत खाल्ली. असभ्यपणाच्या ज्या ज्या गोष्टींसाठी लहानपणी मार खाल्ला होता, त्या सगळ्या मी त्या दुपारी सासूच्या देखत केल्या. चांदी ढिम्म.

सासूबाई गालावर बोट ठेवून विचार करत होत्या. एकाएकी त्यांनी कपाळावर हात मारला. "घंटी!" म्हणाल्या, आणि आत धावल्या. कपिलेच्या गळ्यात पितळी घंटी होती. ती मान खाली घालून खायला लागली की वाजायची. कपिला गेल्यावर मामाजींनी ती काढून देवघरात ठेवली होती. सासूबाई ती घेऊन आल्या, तिच्या दोरीची लांबी डोळ्यांनी मापली, आणि मग माझ्या मानेकडे पाहिलं.

"आई!" माझी बायको ओरडली. "जवाई आहे तो!"

"मंग काय झालं? मान आहे ना त्याले?"

तर अशा रीतीनं, धोंड्याच्या पवित्र महिन्यात, कपाळाला कुंकू, अंगात नवा कुर्ता आणि गळ्यात गाईची घंटी अशा थाटात मी पुढचा घास घेतला. "मान हलवा," सासूबाई म्हणाल्या. मी हलवली. घंटी वाजली. मी चावलं. पुन्हा वाजली.

त्याच वेळी कोठ्याच्या दारात बपेऱ्याचा व्यापारी येऊन उभा राहिला. मागे मामाजी होते. व्यापाऱ्यानं आधी चांदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ माझ्याकडे. मग अगदी गंभीरपणे मामाजींना विचारलं, "हे कोणत्या बाजारातून आणलं जी?"

 मामाजी घंटी ऐकत होते. कपिला गेल्यापासून त्या जागेतून तो आवाज आला नव्हता. त्यांनी दाराचा खांब धरला आणि हळू आवाजात, मला नव्हे, सासूबाईंना म्हणाले, "वाजू दे."

मी मान हलवत राहिलो. आणि बाजूला काहीतरी मोठं, जड, ओलं हललं. चांदीनं मान वर केली होती. दोन्ही कान माझ्याकडे. नाकपुड्या फुगल्या. पुढचे गुडघे थरथरले, मागचा भाग आधी उचलला गेला, आणि धडपडत, खुंट्याला ओढ देत चांदी उभी राहिली. दोन पावलं टाकली. माझ्या खांद्यावरून तिचा गरम श्वास आला. मग तिनं मान खाली घातली आणि माझी पत्रावळ अर्ध्यावर पकडली. पुरण गेलं, भात गेला, अनारसे गेले, शेवटी पळसाची पानंसुद्धा गेली. मी हातातला एक वडा वाचवायचा प्रयत्न केला, तोही तिनं सन्मानानं घेतला.

"सरका, सरका!" सासूबाईंनी मला पाटासकट ढकललं आणि गवताचा भारा गव्हाणीत लोटला. मी शेणात बसून घंटी वाजवत होतो, कारण थांबायला कोणी सांगितलं नव्हतं. आणि चांदी खात होती. मान घालून, आवाज करत, आपल्या पायांवर उभी राहून खात होती. सासूबाई तोंडानं काहीतरी डोपामीनचं पुटपुटत होत्या, पण डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. व्यापाऱ्याला चहा मिळाला. जाताना तो मला नमस्कार करून गेला.

चांदी एका दिवसात बरी झाली असं नाही. पण त्या दिवसापासून मामाजी पुन्हा कोठ्यात जाऊ लागले. सकाळ-संध्याकाळ चहाचा कप घेऊन बसायचे आणि दुसऱ्या हातानं घंटी हलवायचे. सासूबाईंनी त्यातही अभ्यास काढला. घंटी किती वाजवल्यावर चांदी उठते, यावरून दोघांचं रोज भांडण व्हायचं. दिवाळीपर्यंत बरगड्या झाकल्या गेल्या. आम्ही भाऊबीज उरकून तिकडे गेलो तेव्हा ती आपली आपण उठत होती.

संध्याकाळी सासूबाईंबरोबर मी चारा टाकायला गेलो. त्यांनी लांब गव्हाणीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं गवत पसरलं. चांदी खाऊ लागली. खात खात मध्यापर्यंत आली आणि थांबली. दावं पुरत होतं, गवत तेच होतं, पण पुढे तोंड नेलं नाही. कपिलेच्या बाजूचं अर्धं तसंच राहिलं.

"तिकडचं का खात नाही?" मी विचारलं, आणि व्याख्यान ऐकायच्या तयारीनं उभा राहिलो.

 मामाजींनी आतून चहाला हाक मारली, तरी सासूबाई हलल्या नाहीत.

"नाही माहीत जी," त्या म्हणाल्या. "मी पहिले तिकडे टाकणं बंद करून पाहिलं. तर ही इकडचंही खाईना. मंग पुन्हा टाकलं, तवा खाल्लं." चांदीच्या कपाळावरचा ठिपका त्यांनी बोटानं खाजवला. "कशी कशी असते बाई."

सकाळी ते राहिलेलं गवत त्या स्वतः उचलतात, अंगणात फिरणाऱ्या गावच्या गुरांना टाकतात, आणि संध्याकाळी गव्हाणीत पुन्हा दोघींचं वाढतात.